शंभरातल्या किती

धुळ्याला, देवपुरात, दवाखान्याच्या तळघरात
आमचा फ्रिज एकटाच थंड.
वर मे महिना. चव्वेचाळीस.
वीज गेली की मी आधी धावते
त्या चार इवल्या बाटल्यांकडे.
एकेकीची किंमत माझ्या दोन पगारांएवढी.
सर म्हणतात, स्वतः पाणी प्यायला विसरा,
त्यांचा बर्फ विसरू नका.

ब्लॉक दोनशे अठरा.
दगा झिपरू मोरे, सोनगीर, वय एकेचाळीस,
धंदा : ट्रंपेट.
फॉर्म भरणाऱ्या पोराने खोडून 'मजुरी' केलं होतं,
तरी खालचं वाचता येत होतं.
डाव्या गालाच्या आतला तुकडा,
हरभऱ्याच्या डाळीएवढा.
मेणात बसवला, केसाहून बारीक कापला,
कोमट पाण्यावर सोडला
आणि काचेवर उचलून घेतला, साय घ्यावी तसा.

शेजारी दर वेळी दुसरा एक तुकडा लागतो,
रंग खरा चढला का ते ताडायला.
शिरपूरच्या एका नऊ वर्षांच्या मुलीचा टॉन्सिल.
ती आता अकरावीत असेल.
तिला काय ठाऊक, तिचा घसा
इथे रोज साक्षीला उभा राहतो.

मग रंग येतो.
तपकिरी, काताचा.
दुसरा शब्द शोधून पाहिला.
काताचाच आहे.

पी त्रेपन्न नावाचं प्रथिन.
शिकवताना सर म्हणाले होते, हा जागल्या समज.
शाबूत असतो तोवर दिसत नाही,
फेरी मारतो, फटफटायच्या आत विरून जातो.
बिघडला की मात्र विरत नाही, साचतो.
पेशीच्या मधोमध बसून राहतो,
काठी आहे, कंदील आहे, डोळे उघडे,
आणि त्याच्या समोरून बैल सुटून जातात.
दगाच्या काचेवर असे जागले
गल्लोगल्ली.

दुसऱ्या बाटलीचं काम त्याहून साधं :
वाढायच्या घाईत किती आहेत.
शंभर पेशी मोजायच्या, त्यातल्या तपकिरी सांगायच्या.
मी मोजते, ओठ हलवत.
बासष्ट.
सर मोजतात. साठ.
रिपोर्टात एकसष्ट जातं.

संध्याकाळी त्याची बायको काउंटरवर.
कागदावर बोट ठेवून म्हणाली,
"एकसठ म्हंजे पास शे ना, बहीण?"
मी म्हटलं, सर सांगतील.
आम्हाला सांगायची परवानगी नसते.
आणि खरं सांगायचं तर
परवानगी असती तरी काय सांगितलं असतं.

सरांचा अभ्यास ऐंशी जणांचा.
भिंतीवर त्याची रेघ, जिन्यासारखी उतरणारी.
एक पायरी, एक माणूस.
यमुना वळवी, नवापूर, मिशरी लावायची,
टक्के फक्त नऊ.
आठव्याच महिन्यात पायरी.
सर त्या दिवशी चहा न पिता घरी गेले.
मधेमधे रेघेवर बारीक उभे काप आहेत :
हे गेले नाहीत,
हे नुसते परत आले नाहीत.
कुणी ऊसतोडीला, कुणी सुरतेला,
कुणाचा नंबर आता भलताच माणूस उचलतो.
शनिवारी मी त्या कापांना फोन लावत बसते.

आज दोनशे अठरा. तिसरं वर्ष.
तिनेच उचलला. मागे गलका, जनरेटर, कुणाची तरी वरात.
"गाल काढी टाका ना, हवा थांबस नही.
आते खुयखुया वाजाडस.
मांगे, बत्त्यासना जोडे."
मग फोन तिने वर धरला असावा,
कारण एकदम सगळंच आलं :
ढोल, ताशा,
दुसऱ्या कुणाचं तरी ट्रंपेट, किंचित बेसूर.
मी त्यात खुळखुळ्यातले खडे शोधत राहिले.
सापडले असं म्हणवत नाही.

रकान्यात दोनच अंक चालतात.
मेला तर एक,
जिवंत तर शून्य.

शून्य लिहिलं.
जरा मोठंच निघालं.